शिडाच्या होडीतील वीज

आपल्या वसंतातील व्याख्यानांत आरमाराचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग उभा राहतो, कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते दिसू लागतात, तोफांचे आवाज ऐकू येतात. आम्ही आज जो विषय घेऊन आलो आहोत तो त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. तीस-पस्तीस फुटांच्या शिडाच्या होडीत बॅटरी भरलेली कशी ठेवावी, एवढाच तो विषय आहे. "अहो, हे तर गॅरेजातल्या मिस्त्रीचे काम, याला इतिहास कसला?" असे आमच्या एका मित्रांनी विषय ऐकताच विचारले. वरवर पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु मनुष्य एकटा समुद्रावर जातो आणि दहा-दहा महिने किनाऱ्याला पाय लावत नाही, तेव्हा त्याचा आणि उरलेल्या जगाचा संबंध तांब्याच्या दोन तारांवर येऊन ठेपतो. त्या तारा ज्या काळ्या पेटीतून निघतात ती पेटी भरलेली आहे की रिकामी, यावर त्याची हकीकत लोकांपर्यंत पोचणार की नाही हे ठरते. आणि पोचलेली हकीकत खरी की खोटी, हा प्रश्नही एकदा याच पेटीच्या आड दडून राहिला होता. इतिहासाच्या अभ्यासकाला रस वाटावा इतके त्यात खास आहे.

जोशुआ स्लोकम हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नावाडी. २४ एप्रिल १८९५ रोजी तो 'स्प्रे' नावाची आपली सुमारे सदतीस फुटांची होडी घेऊन बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये न्यूपोर्टला परतला. त्याच्या होडीत वीज नव्हती. दिवे रॉकेलचे. वेळ पाहण्यासाठी एक पत्र्याचे घड्याळ होते. त्याची तबकडी फुटलेली होती म्हणून दुकानदाराने ते दीड डॉलरऐवजी एका डॉलरला दिले, असे तो मोठ्या खुशीने सांगतो. तीन वर्षे तो कोणाशी बोलला असेल तर बंदरात उतरून किंवा वाटेत भेटलेल्या जहाजाला हाक मारून. त्याच्या माणसांनीही रोज त्याच्या निरोपाची वाट पाहिली नाही, कारण तसा निरोप येऊ शकतो हेच कोणाला ठाऊक नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. स्लोकमच्या काळी समुद्रावरचे मौन ही स्वाभाविक अवस्था होती. त्याचा कोणी जाब विचारीत नसे.

वास्तविक बॅटरी तेव्हा नवी नव्हती. फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे याने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल असा विजेचा घट तयार केला होता, आणि १८८१ मध्ये कामीय फोर याने त्या पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तो घट व्यवहारात चालेल असा केला. आज आपल्या घरोघरी इन्व्हर्टरखाली जी जड पेटी असते, जिच्यात आपण महिन्या-दोन महिन्यांनी शुद्ध पाणी घालतो, ती याच घराण्यातली. प्रत्येक घराचा दाब दोन व्होल्ट. अशी सहा घरे एका ओळीत जोडली की बारा व्होल्ट. वीज काढून घेतली की पत्र्यांवर शिशाचे गंधकीय क्षार बसतात आणि आम्ल पातळ होते. उलट वीज आत घातली की क्षार विरघळतात आणि आम्ल पुन्हा दाट होते. म्हणूनच आम्लाचा दाटपणा मोजला की पेटीत किती वीज आहे ते कळते. भरलेल्या पेटीत पाण्याच्या सुमारे सव्वापट, आणि रिकामी होत आली की पाण्याच्या जवळपास.

ही पेटी म्हणजे विजेचा रांजण, असे आम्ही म्हणतो. पण हा रांजण मोठा लहरी आहे. पाण्याचा रांजण तळापर्यंत रिकामा केला तरी त्याचे काही बिघडत नाही. शिशाचा रांजण अर्ध्याखाली उतरवला आणि तसाच ठेवला की पत्र्यांवरचे क्षार घट्ट होऊन बसतात आणि मग ते कशानेही सुटत नाहीत. म्हणजे शंभर मापांच्या रांजणातून पन्नासच मापे घ्यायची. बरे, पुन्हा भरावा तर ऐंशीपर्यंत तो भराभर घेतो आणि मग हट्टी मुलासारखा तोंड मिटून बसतो. शेवटची वीस मापे भरायला तासन् तास लागतात. इंजिन लावून बॅटरी भरणारा नावाडी एवढे तास थांबत नाही. त्याला तेलाची काळजी असते आणि आवाजाचा कंटाळा असतो. परिणामी पन्नास आणि ऐंशी यांच्या मधली तीस मापे, एवढेच काय ते त्याचे रोजचे भांडवल. शंभराची पेटी विकत घेऊन तिसांवर संसार चालवायचा! शिवाय भरताना ही पेटी हायड्रोजन वायू सोडते, तो ठिणगीने पेटतो. आणि आत समुद्राचे खारे पाणी शिरले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पाणबुडीतल्या लोकांना याचा धाक फार असे.

समुद्रावर वाऱ्याच्या जोरावर वीज करण्याचा एक जुना आणि गाजलेला प्रयोग लहान होडीवर झाला नाही. तो नान्सेनच्या 'फ्राम' जहाजावर झाला. १८९३ मध्ये हे जहाज उत्तर ध्रुवाच्या बर्फात मुद्दाम अडकवून घेण्यासाठी निघाले. ध्रुवाकडची रात्र महिनोन् महिने चालते. त्या रात्रीत माणसांची मने खचू नयेत म्हणून नान्सेनने तख्तावर एक पवनचक्की उभारली आणि तिला डायनामो जोडून विजेचा दिवा पेटवला. वारा पडेल तेव्हासाठी घट भरून ठेवण्याची सोय होती. पुढे चक्कीचे दाते झिजले आणि ती उतरवावी लागली, हे खरे. तरीही बर्फाच्या त्या अफाट ओसाडीत वाऱ्यातून निघालेला तो पांढरा उजेड आम्हाला नान्सेनच्या शास्त्रीय नोंदींइतकाच महत्त्वाचा वाटतो. यानंतर सुमारे पाऊण शतक लहान होड्यांचे नावाडी ती वाट विसरले आणि वीज तेलातून काढू लागले.

विसरले याचे कारण पेट्रोलचे व डिझेलचे लहान इंजिन. दुसऱ्या महायुद्धानंतर असे इंजिन प्रत्येक होडीत आले आणि त्याला डायनामो, पुढे अल्टरनेटर जोडलेलाच असे. त्याच सुमारास रेडिओ-टेलिफोन लहान होडीत मावेल एवढा आटोपशीर झाला. आता एकट्या नावाड्याला बोलता येऊ लागले, आणि बोलता येते म्हटल्याबरोबर त्याने बोलावे अशी अपेक्षाही निर्माण झाली. चौसष्ट वर्षांचा फ्रान्सिस चिचेस्टर 'जिप्सी मॉथ ४' घेऊन २७ ऑगस्ट १९६६ रोजी प्लिमथहून निघाला, सिडनीला एकदाच थांबला आणि २८ मे १९६७ रोजी परतला. प्रवासभर त्याचे वृत्तान्त रेडिओवरून लंडनच्या वृत्तपत्रांकडे जात होते आणि लोक सकाळच्या चहाबरोबर ते वाचत होते. असल्या रेडिओवर ऐकायला वीज थोडी लागते, पण बोलायला वीस-पंचवीस अँपिअर लागतात. दहा मिनिटांचे बोलणे म्हणजे रांजणातून चार मापे गेली. ती भरून काढायची तर इंजिन लावायचे, आणि होडी एका कुशीवर कललेली, तेल एका बाजूला साचलेले, आत धूर कोंडलेला. वृत्तपत्रातल्या वृत्तान्ताखाली हा हिशेब कधी छापून येत नसे.

आणि मग १९६८ साल उजाडले. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'गोल्डन ग्लोब' नावाची शर्यत जाहीर केली: एकट्याने, कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, एक पोचला. या शर्यतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. लाटा, वादळे, एकटेपणा, वेड या सगळ्यांची वर्णने झाली आहेत. आम्हाला मात्र ती शर्यत वाचताना दर वेळी तीन मौने ऐकू येतात. तिन्ही एकाच वर्षातली, एकाच समुद्रावरची. पण त्यांची जात वेगवेगळी.

पहिले मौन आपल्या मुंबईच्या होडीचे. 'सुहेली' ही बत्तीस फुटांची दोन डोलकाठ्यांची होडी मुंबईत बांधलेली. सागवानाची, जुन्या धाटणीची, जाड अंगाची. वाकस आणि सामता चालवणाऱ्या इथल्या सुतारांच्या हातची. तिचे नाव अरबी खलाशांच्या बोलीतल्या एका वाऱ्याचे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण इंग्रज अधिकारी तिचा मालक. १९६५ च्या अखेरीस तो तिच्यातून मुंबईहून स्वदेशी निघाला आणि दीडेक वर्षाने पोचला. शर्यत जाहीर झाली तेव्हा नवी होडी बांधण्याइतका पैसा त्याला जमेना, म्हणून त्याने 'सुहेली'च काढली. १४ जून १९६८ रोजी तो फॅल्मथहून निघाला. जाणत्यांनी या होडीला जिंकण्याची आशा फारशी दिली नव्हती, कारण ती मंद होती.

तिच्यात बॅटऱ्या होत्या आणि त्या भरण्यासाठी एक लहान पेट्रोलचे यंत्र होते. समुद्राच्या दमट हवेत हे यंत्र रुसले. ठिणगी पाडणाऱ्या भागातील फट बिघडली होती. ती इंचाचे बारा ते पंधरा हजारांश इतकी हवी. मोजण्याची पाती काही केल्या सापडेनात. मग या गृहस्थाने आपली रोजनिशी घेतली आणि एक इंच जाडीत किती पाने बसतात ते मोजले. दोनशे बसली. म्हणजे एक पान पाच हजारांश, तीन पाने पंधरा. तीन पाने फटीत घालून त्याने ती जुळवली आणि यंत्र सुरू झाले. ज्या वहीत प्रवासाचा इतिहास लिहायचा तीच वही मोजपट्टी झाली. आम्हाला या एका प्रसंगासाठी त्या माणसाबद्दल जेवढा आदर वाटतो तेवढा शर्यत जिंकल्याबद्दल वाटत नाही, हे आम्ही मोकळेपणे सांगून टाकतो.

दुसरा प्रसंग असा गमतीचा नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील समुद्रात तो बॅटरीतल्या आम्लाचा दाटपणा तपासत होता. होडीने हिसका दिला आणि आम्ल उडून एका डोळ्यात गेले. त्याने डोळा धुतला, घरची औषधपेटी उघडून थेंब घातले आणि मग तो विचार करीत बसला. डर्बनचे बंदर गाठावे तर वैद्य मिळेल, पण शर्यत संपली. न गाठावे तर डोळा कदाचित जाईल. हे यश एका डोळ्याच्या मोलाचे आहे, असा निर्णय करून तो तसाच पूर्वेकडे निघाला. डोळा सुदैवाने वाचला. शूरपणाच्या कथा सांगताना आपण तोफेचा गोळा, तलवारीचा वार यांची नावे घेतो. बॅटरी तपासताना उडालेला थेंब कोणाच्या पोवाड्यात येत नाही. पण त्या वेळी पणाला लागलेला डोळा खराच होता.

इतके करून त्याचा रेडिओ मात्र प्रवासाच्या पहिल्या काही महिन्यांतच बिघडला. ऐकू येई, बोलता येत नसे. बॅटरी भरलेली, पण वाचा गेलेली. नोव्हेंबर १९६८ मध्ये तो न्यूझीलंडच्या ओटागो बंदराच्या तोंडाशी दिसला, त्यानंतर जगाला त्याचा पत्ता नव्हता. तो मात्र जगाचे ऐकत होता. त्या नाताळात तीन अमेरिकन चंद्राभोवती फिरून आले ही बातमी त्याने केप हॉर्नकडे जाताना आपल्या होडीत बसून ऐकली. ते तिघे पृथ्वीशी बोलत होते आणि याला इंग्लंडशी बोलता येत नव्हते! साडेचार महिने गेले. पुष्कळांनी त्याची आशा सोडली. ६ एप्रिल १९६९ रोजी अझोर्स बेटांच्या पश्चिमेस 'मोबिल अ‍ॅक्मे' नावाचे तेलवाहू जहाज त्याच्या दृष्टीस पडले. त्याने दिव्याच्या झपक्यांनी मोर्स लिपीत आपले नाव कळवले, आणि काही तासांत ते लंडनला पोचले. २२ एप्रिल १९६९ रोजी 'सुहेली' फॅल्मथला लागली. हे पहिले मौन लादलेले होते आणि प्रामाणिक होते.

दुसरे मौन बर्नार मोईतेसिए या फ्रेंच नावाड्याचे. याचा जन्म व्हिएतनामातला, बालपण तिथल्या कोळ्यांच्या संगतीतले. २२ ऑगस्ट १९६८ रोजी तो 'जोशुआ' घेऊन निघाला. होडीला नाव दिले होते स्लोकमचे. रेडिओ घेऊन जा, असा आग्रह झाला तेव्हा त्याने साफ नकार दिला. बोलणारा रेडिओ घ्यायचा म्हणजे त्यामागून जड बॅटऱ्या, त्या भरायला यंत्र, यंत्राला तेलाचे डबे, आणि डोक्याला कायमची विवंचना. त्याऐवजी त्याने एक गलोल घेतली. जहाज जवळ आले की फिल्मच्या लहान डबीत चिठ्ठी घालून ती गलोलीने त्याच्या तख्तावर मारायची! १८ मार्च १९६९ रोजी केपटाउनजवळ त्याने अशीच डबी मारून कळवले की आपण शर्यत सोडली आहे आणि पॅसिफिककडे चाललो आहोत. तो जिंकण्याच्या बेतात होता असे पुष्कळांचे मत आहे. तो तिकडून ताहितीला गेला. या मौनाला आम्ही निवडलेले मौन म्हणतो. बॅटरीची गरजच कमी करणे हाही तिच्या प्रश्नाला एक उपाय आहे, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. पण तो पेलायला मोईतेसिएची वृत्ती हवी. ती बाजारात मिळत नाही.

तिसरे मौन सांगताना जीव जड होतो. डोनाल्ड क्राउहर्स्ट हा इंग्रज गृहस्थ नावाड्यांसाठी रेडिओ-दिशादर्शक बनवून विकणारा. म्हणजे विजेच्या विद्येत या नऊ जणांत तोच तरबेज. त्याची तीन बुडांची होडी 'टेनमथ इलेक्ट्रॉन'. नावातच वीज. शर्यतीच्या नियमाप्रमाणे निघण्याचा अखेरचा दिवस ३१ ऑक्टोबर १९६८. त्या दिवशी तो घाईगर्दीत, अर्धवट तयारीने निघाला. त्याचे जनित्र सुकाणूजवळच्या बैठकीखाली एका कप्प्यात होते, आणि त्या कप्प्याचे झाकण गळत होते. नोव्हेंबरमध्ये तिथे पाणी शिरले. ज्याच्या सगळ्या युक्त्या विजेवर चालायच्या त्याच्या विजेचा उगमच पाण्यात! या होडीतून दक्षिणेच्या समुद्रात जाणे म्हणजे मरण, आणि परत फिरणे म्हणजे घर व धंदा गमावणे, हे त्याला कळून चुकले. यातून त्याने तिसरी वाट काढली. तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोट्या जागा कळवू लागला.

१९ जानेवारी १९६९ रोजी त्याने तार धाडली की जनित्राचे झाकण बंद करून टाकले आहे, तेव्हा यापुढे जमेल तसे निरोप येतील. त्यानंतर सुमारे तीन महिने तो गप्प राहिला. त्या तारेवर कोणीही संशय घेतला नाही, आणि घेण्यासारखे काही नव्हतेही. लहान होडीत बॅटऱ्या रिकाम्या होतात, जनित्रे बुडतात, रेडिओ मुके होतात, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच वेळी नॉक्स-जॉन्स्टन खरोखरच मुका होऊन पॅसिफिक पार करून हॉर्नचे भूशिर ओलांडत होता. एकाचे खरे मौन आणि दुसऱ्याचे खोटे मौन किनाऱ्यावरून अगदी सारखे ऐकू येत होते. कप्प्याचे झाकण गळत होते हे सत्यच होते. क्राउहर्स्टने एका सत्याचा आडोसा घेऊन असत्य उभे केले. एप्रिलमध्ये तो पुन्हा बोलू लागला, आणि सबंध जगाची प्रदक्षिणा करून येणाऱ्या वीराच्या स्वागताची तयारी इकडे सुरू झाली. पुढे त्याचा रेडिओ खरेच बिघडला. भर उष्ण कटिबंधात, तारांच्या आणि सुट्या भागांच्या ढिगात बसून त्याने तो दोनेक आठवडे खपून नव्याने जुळवला. त्यानंतर त्याच्या वहीतले लिखाण भरकटत गेलेले दिसते. १० जुलै १९६९ रोजी 'पिकार्डी' या टपालजहाजाला त्याची होडी मोकळी तरंगताना सापडली. आत वह्या होत्या, माणूस नव्हता. वह्यांतून सगळे उघडकीस आले. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

या शर्यतीनंतर नावाड्यांनी तेलावाचून वीज मिळवण्याचे उपाय नेटाने शोधले. त्याची साधने तयारच होती. सूर्यप्रकाशातून वीज देणारी सिलिकॉनची पट्टी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ मध्येच करून दाखवली होती. पडलेल्या प्रकाशाच्या शेकडा सहाच्या आसपास वीज तिच्यातून निघे. ती आधी आकाशात गेली, १९५८ मध्ये 'व्हॅनगार्ड १' या उपग्रहावर. होडीवर यायला पुढे बरीच वर्षे लागली, कारण किंमत. आज चांगली पट्टी शेकडा वीसहून अधिक देते.

ऊन, वारा आणि पाणी या तिन्ही दात्यांचे स्वभाव मात्र निराळे आहेत. ऊन शांतपणे देते, त्याला फिरणारा भाग नाही. पण शिडाची सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या पट्टीचा जीव जातो, आणि दक्षिणेच्या ढगाळ समुद्रात सूर्य क्षितिजापाशी रेंगाळतो. वाऱ्याची चक्की रात्रीही चालते, आणि वारा दुप्पट झाला की तिचा जोर आठपट होतो. परंतु व्यापारी वारा पाठीशी घेऊन होडी धावू लागली की होडीवरच्या माणसाला वारा जवळजवळ लागतच नाही, आणि चक्की मंदावते. म्हणजे प्रवास जेव्हा सर्वांत सुखाचा तेव्हा वीज सर्वांत कमी! राहिले पाणी. होडीमागे पंखा बुडवून ठेवायचा, होडी पळेल तसा तो फिरेल आणि वीज देईल. यात होडीचा थोडा वेग खर्ची पडतो, पण दिवसरात्र वीज मिळते. यानिक बेस्ताव्हें या फ्रेंच नावाड्याने या पंख्याची सुधारलेली आवृत्ती शर्यतीच्या होड्यांसाठी काढली. २०२०-२१ ची 'व्हाँदे ग्लोब' ही एकट्याने करायची प्रदक्षिणा-शर्यत पुढे त्यानेच जिंकली. त्याच्या आधीच्या, २०१६-१७ च्या शर्यतीत कॉनरॅड कोलमन याने तेलाचा एक थेंबही न जाळता, ऊन आणि पाणी यांच्या विजेवर प्रदक्षिणा पुरी केली. शेवटी शेवटी डोलकाठी मोडली, तरी तात्पुरते शीड उभारून तो पोचला.

उत्पन्न वाढले त्याहून खर्च कमी झाला, याचा उपयोग आमच्या मते अधिक. जुन्या पंचवीस वॅटच्या बल्बने डोलकाठीवरचा दिवा रात्रभर जळला की वीस मापे संपत. तिसांपैकी वीस नुसत्या एका दिव्यात! कित्येक नावाडी म्हणूनच तो विझवून काळोखात जात आणि जहाजाखाली सापडण्याचा धोका पत्करत. एलईडीच्या दिव्याला दोन मापे पुष्कळ झाली. लिथियमच्या नव्या बॅटऱ्या हलक्या आहेत, जवळजवळ तळापर्यंत वापरता येतात आणि भरताना शेवटपर्यंत भराभर घेतात. इतक्या भराभर घेतात की जपले नाही तर अल्टरनेटर जळून जातो. रांजण सुधारला, आता विहीर सांभाळायची.

मुंबईच्या 'सुहेली'चा धागा पुढे गोव्यात निघतो. मांडवीतल्या दिवाडी बेटावर 'म्हादेई' ही छप्पन्न फुटांची होडी बांधली गेली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय हा मान मिळवला, आणि अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबई गाठली. पुढे १९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये जुन्या पद्धतीची 'गोल्डन ग्लोब' पुन्हा भरवली गेली: कागदी नकाशे, सूर्यतारे पाहून जागा काढायची, उपग्रहाची मदत मोहोरबंद पेटीत. टॉमी यांच्यासाठी गोव्यात 'सुहेली'चीच जुळी बहीण बांधण्यात आली, 'थुरिया'.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर वादळात 'थुरिया' उलटली आणि तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली, उठता येईना. परंतु हाताशी एक लहानसे यंत्र होते, त्याची बॅटरी त्याच्या पोटातच, आणि त्यावर उपग्रहामार्फत दोन-चार शब्दांचा निरोप धाडता येत असे. नॉक्स-जॉन्स्टनला जे साडेचार महिने साधले नाही ते टॉमी यांनी बिछान्यावर पडल्या पडल्या केले. संकटसूचक यंत्रही त्यांनी चालू केले. असल्या यंत्रातली बॅटरी कधी भरायची नसते; ती मोहोरबंद येते, वर्षानुवर्षे निजून राहते आणि एकदाच जागी होते. जागी झाल्यावर निदान अठ्ठेचाळीस तास तिने हाक मारीत राहिले पाहिजे, असा दंडक आहे.

ती हाक ऐकून मॉरिशसहून भारतीय नौदलाचे विमान निघाले. त्याने 'थुरिया'वर घिरट्या घातल्या, मोडक्या डोलकाठ्या पाहिल्या, आणि आतला माणूस जिवंत असल्याची खूण मिळवली. २४ सप्टेंबर रोजी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्तीजहाजातील माणसे रबरी होड्यांतून जवळ आली आणि त्यांनी टॉमी यांना स्ट्रेचरवर घालून अ‍ॅम्स्टर्डॅम बेटावर नेले. 'थुरिया' तिथेच समुद्रावर राहिली.